लव्हाळा नेमका कशाला म्हणायचा?

मालवण तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. गावच्या तळ्याकाठी माहितीफलक लावायचा आहे. हाती आलेल्या इंग्रजी मजकुरात रश, सेज, रीड आणि कॅटटेल असे चार शब्द आहेत. सगळीकडे ‘लव्हाळा’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. पाण्यात उभ्या राहणाऱ्या लांब, हिरव्या पात्यांना आपण सर्रास लव्हाळा म्हणतो खरे, पण कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. भातखाचरातून उपटला तरी जमिनीतल्या गाठीतून पुन्हा डोकं काढतो, तो त्याचा लव्हाळा. म्हणजे मोथा आणि त्याची भावंडं, इंग्रजीत सेज. दिवाळीच्या उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच कुळातला.

ओळख हातानेच पटते. फुलोऱ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. तो सरळ फिरत नाही, तीन कडा बोटांना लागतात. नखाने तोडलात तर आत भरीव पांढरा गर दिसेल, आणि मधे कुठे पेर नसेल. पानंही बुंध्यापासून तीन दिशांना निघतात. याच कुळातल्या काही जाती मात्र फसवतात. त्यांचा दांडा गोल असतो आणि पानं जवळजवळ नसतातच. त्यातली एक तळ्यांत, भाताच्या पाण्यात उगवते. तिचा पोकळ दांडा चिमटीत दाबत नेला की आतले आडवे पडदे एकेक करून टकटक फुटतात. टोकाला तपकिरी, खवल्यांचं छोटं कणीस दिसलं की तिलाही लव्हाळ्याच्याच घरात बसवायचं.

कॅटटेल म्हणजे पाणकणीस. काही जण रामबाणही म्हणतात. ‘रामबाण उपाय’ मात्र रामाच्या बाणावरून आला, या झाडाचा त्याच्याशी संबंध नाही. उघाडी (बांधातली पाण्याची झडप) नादुरुस्त होऊन गोडं पाणी तुंबलेल्या, पीक सोडून दिलेल्या खारजमिनीत याचं रान माजतं. पान पट्टीसारखं; आडवं कापलं तर आत हवेचे कप्पे, आणि बुडाशी पानं सोलताना बोटांना बुळबुळीत चिकट रस लागतो. मखमली तपकिरी कणीस मादीफुलांचं, त्याच्या वर नरफुलांचा बारीक तुरा. आपल्याकडच्या पाणकणसांत या दोहोंमध्ये बोटभर उघडा दांडा दिसतो. युरोपातल्या चित्रांत बहुधा रुंद पानांची जात असते, तिच्यात नर-मादी भाग एकमेकांना चिकटलेले असतात. फलकावर चित्र छापणार असाल तर हे जरूर तपासा. परदेशी चित्र उचलून गावच्या तळ्यावर लावलेलं मला खरंच खटकतं.

रीड म्हणजे गवत: पेरं असलेला, गोल, पोकळ दांडा, दोन बाजूंना पानं, वर केसाळ तुरा. याला ‘नळ’ म्हणा. ‘बोरू’ही चुकीचं नाही. तिरका छेद देऊन ज्याची लेखणी करायचे तो हाच, आणि ‘बोरूबहाद्दर’ त्यावरूनच. पण हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागालाही शेतकरी बोरू म्हणतात, म्हणून फलकावर तो टाळावा. ‘देवनळ’ नको, घाटावरच्या उंच, पांढऱ्या फुलांच्या एका वेगळ्याच वनस्पतीलाही ते नाव आहे.

उरला रश. काटेकोर अर्थाने तो जंकस, हे त्याचं शास्त्रीय नाव. दांडा गोल, पण फूल इवल्याशा लिलीसारखं, सहा पाकळ्यांचं, आणि पुढे बारीक बियांनी भरलेलं बोंड. या गटाला थंड हवा अधिक मानवते. इंग्रजीत मात्र ‘बुलरश’ कधी पाणकणसाला म्हणतात, कधी लव्हाळ्याच्या कुळातल्या उंच जातीला, आणि शब्दकोशातला गोंधळ बराचसा तिथूनच आला आहे. तेव्हा तुमच्या मजकुरातला रश कोणता, हे तळ्यावर जाऊन दांडा हातात घेतल्याशिवाय ठरवू नका. फुलात सहा पाकळ्या दिसल्या तरच ‘जंकस’ लिहा, खवल्यांचं कणीस असेल तर ‘लव्हाळा’. सेजला ‘लव्हाळा’, कॅटटेलला ‘पाणकणीस’ आणि रीडला ‘नळ’ हे निर्धास्तपणे छापा.