मैदानात बसूनच सामना ऐकायचाय

प्रश्न : माझे मामा पूर्ण अंध आहेत, पण गावातल्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धेला हटकून येतात. मंडळ सामने यूट्यूबवर लाइव्ह दाखवतं, म्हणून त्यांना मोबाइलवर तेच समालोचन लावून दिलं. पण मैदानात गलका आधी होतो आणि समालोचन मागाहून येतं. मामा वैतागतात. काही उपाय? (वाचक, गुहागर)

उत्तर : मामांचं बरोबर आहे. यूट्यूबवर आवाज तुकड्यातुकड्यांनी वर जातो आणि मोबाइल थोडा साठा करून मगच तो वाजवतो. त्यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. चढाई असते 30 सेकंदांची, म्हणजे कानात अजून चढाईपटू मध्यरेषेवरच असतो आणि मैदानात तो बाद होऊन बाहेर बसलेला असतो. यूट्यूबवर ‘लो लेटन्सी’ म्हणजे कमी विलंबाची सोय निवडली तरी काही सेकंदांचा फरक राहतोच.

यावर साधा फोन कॉल सरस ठरतो. गुणलेखकाच्या टेबलाजवळ खेळ जाणणारा एक माणूस बसवा. त्याच्या फोनला माइकवाला हेडफोन लावा आणि तिथून मामांना कॉल करा. मामांचा फोन म्यूटवर ठेवा, नाहीतर मैदानातल्या भोंग्यांचा आवाज त्यातून परत जाऊन बोलणाऱ्याच्या कानात घुमतो. इअरफोन वायरचाच घ्या, कारण ब्लूटूथमुळे आवाज आणखी थोडा मागे पडतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा घ्या. आणि तो एकाच कानात घाला, दुसरा कान मैदानासाठी मोकळा हवा. गलका ऐकायचा नसता तर मामा घरीच बसले असते!

घोटाळे दोन ठिकाणी होतात. अंतिम सामन्याला गर्दी वाढली की नेटवर्क कोलमडतं. मंडळाकडे ब्रॉडबँड असेल तर दोन्ही फोन वायफायवर घेऊन व्हॉट्सॲप कॉल करा, पण राउटर जनरेटरवर आहे ना, ते आधी बघा. दुसरा घोटाळा डीजेचा. फोन आजूबाजूचा गोंगाट गाळतो आणि गोंगाट फार झाला तर बोलण्याचे शब्दही खातो. म्हणून बोलणाऱ्याला भोंग्याच्या तोंडासमोर बसवू नका, आणि माइक तोंडाच्या कडेला दोन बोटांवर ठेवा.

भोंग्यावरच्या निवेदकाला हे काम देऊ नका. ऐन चढाईत त्याला ‘अमुक यांजकडून पाचशे एक रुपये’ जाहीर करायचे असतात. कॉलवरच्या माणसाने डावं-उजवं मामांच्या खुर्चीवरून ठरवावं आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की तेही सांगावं. बोलणं असं हवं : ‘चढाई नऊ नंबर, समोर पाच. उजव्या कोपऱ्याकडे निघाला... निदान रेषा ओलांडली... पाय टाकला, हुकला... धरला! डाव्या कोपऱ्याने घोट्यात धरला. बाद.’ (निदान रेषा म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागणारी रेघ.) पुढच्या चढाईआधी गुण, शिल्लक खेळाडू आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई असेल तर तेवढं सांगायचं. समोर सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो आणि तीन किंवा कमी असताना धरलं तर अव्वल पकड, म्हणजे जादा गुण. त्यामुळे ‘समोर किती’ हा आकडा एकाही चढाईत चुकवून चालत नाही. तासभर असं बोलून घसा बसतो, तेव्हा दोघे आलटूनपालटून बसा.

प्रश्न : मुलगी जन्मांध आहे. निदान रेषा, बोनस रेषा तोंडी सांगून तिला कळत नाही. (वाचक, पेण)

उत्तर : प्लायवर स्पर्शाने कळणारं मैदान करा. 1 मीटरला 4 सेंमी धरलं की पुरुषांचं 13 बाय 10 मीटरचं मैदान 52 बाय 40 सेंमीत बसतं. मधोमध सुतळी, ती मध्यरेषा. तिच्यापासून दोन्हीकडे 15 सेंमीवर बारीक दोरा, ती निदान रेषा. 19 सेंमीवर ओळीने चिकटवलेली मोहरी, ती बोनस रेषा. दोन्ही लांब कडांपासून 4 सेंमी आत राखीव क्षेत्राची रेघ. महिलांचं मैदान 12 बाय 8 मीटर, म्हणजे 48 बाय 32 सेंमी. त्यात हीच अंतरं 12 आणि 16 सेंमी होतात. साधा गोंद रात्रीच्या दमट हवेत सुटतो, पाण्याला टिकणारा वापरा.

खेळाडू म्हणून एका संघाला सात काजूबिया, दुसऱ्याला सात चिंचोके घ्या आणि खाली मळलेल्या मातीचा ठिपका लावून ते टेकवा. बाद झालेला उचलायचा, पुन्हा खेळात आलेला परत ठेवायचा. चढाई चालू असताना मात्र बिया हलवत बसू नका. तिचं बोट धरून फक्त चढाईपटूची वाट फिरवा.

प्रश्न : आमच्या मंडळाला दहा-बारा अंध प्रेक्षकांची सोय करायची आहे. ऑनलाइन मिळणारा छोटा एफएम ट्रान्समीटर चालेल का? (मंडळाचे कार्यकर्ते, अलिबाग)

उत्तर : नको. परवान्याशिवाय एफएमवर प्रक्षेपण करता येत नाही, मग यंत्र कितीही स्वस्त असो. एवढ्या लोकांना व्हॉट्सॲपचा ग्रुप कॉल पुरतो, त्यात 32 जण बसतात. नेटवर्कचा भरवसा नसेल तर ‘टूर गाइड’ संच बघा : बोलणाऱ्याकडे एक ट्रान्समीटर आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक रिसीव्हर. तो परवानामुक्त बँडवर चालतो ना, हे आधी विचारा. सगळे रिसीव्हर एकाच चॅनेलवर लावा आणि ट्रान्समीटर डोक्यांच्या वर बांधा, कारण माणसांच्या भिंतीतून सिग्नल अडतो. सगळं आदल्या रात्री चार्ज करा.

प्रश्न : परदेशात म्हणे हाताखाली थरथरणारी पाटी मिळते, तिच्यावर चेंडू कुठे आहे ते कळतं. इथे टेनिस बॉल क्रिकेटला चालेल का? (वाचक, मालवण)

उत्तर : पाटी खरी आहे. अमेरिकेत एनबीएच्या बास्केटबॉल सामन्यांत ‘वनकोर्ट’ नावाची अशी पाटी वापरली गेली आहे. पण खेळाची माहिती तिला बाहेरून लागते. चेंडूचा क्षणाक्षणाचा माग कोणीतरी काढून पुरवला तरच ती थरथरते. आपल्या मैदानावर ती सोय नाही, तेव्हा पाटी आणली तरी गप्पच राहील. क्रिकेटला वर सांगितलेला कॉल उत्तम चालतो, कारण दोन चेंडूंच्या मधे बोलायला वेळ मिळतो. क्षेत्ररक्षण षटकाच्या सुरुवातीला सांगा, आणि फटक्याची दिशा घड्याळाच्या काट्यांनी : गोलंदाजाची बाजू बारा, यष्टिरक्षक सहा.