संस्थेच्या वेबसाइटवर दुकान आणि लेख एकत्र कसे ठेवावेत?

दोन वेगळ्या साइट करू नका. इंदूरच्या आमच्या महिला मंडळाने आधी तेच केलं: लेख एकीकडे, साड्यांची विक्री दुसरीकडे. लेख वाचून कोणी दुकानापर्यंत पोचेचना. मग लेखांच्या वर्डप्रेस साइटलाच वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन जोडलं. आता महेश्वरी साडीच्या दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाबद्दल, म्हणजे बुगडीबद्दल, लेख आहे. त्याच्या खालीच तशी साडी, किंमत आणि ‘घ्या’चं बटण. वाचणारा तिथूनच घेतो.

देणगीचं बटण मात्र कार्टपासून लांब ठेवा. ८०जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती देणगीवर देतात, साडीच्या खरेदीवर नाही. आमच्याकडे एका काकांनी साडीच्या बिलावर ती मागितली आणि खजिनदार मावशींना समजावता समजावता नाकी नऊ आले! शिवाय २००० रुपयांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, हेही फॉर्मजवळच लिहा.

जुन्या लेखांचे पत्ते बदलणार असाल तर ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारी सोय, लावायला विसरू नका, नाहीतर गूगलवरून येणारे हात हलवत परत जातील.

आणि फोटो दिवसाउजेडी, ओट्यावर साडी पसरून काढा. ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी दिसतो आणि साडी परत येते.