आहारशंका : डार्क चॉकलेटनं बीपीची गोळी सुटते का?

डार्क चॉकलेटचे गुण मोबाइलवरून गावोगाव पोचले आहेत, आणि त्यामागोमाग शंकाही. या अंकात त्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

माझ्या मिस्टरांचं वय ५२. बीपी १४८/९२ निघालं म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी चालू केली. पुण्याचा भाचा येताना डार्क चॉकलेट आणतो अन् म्हणतो, "मामी, मामांना रोज हे द्या, गोळी सुटेल." खरंच सुटते का? किती द्यायचं? – गृहिणी, लातूर

ताई, गोळी सुटणार नाही. कुणाच्याही सांगण्यावरून ती बंद करू नका. भाच्याच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते फार थोडं आहे.

कोकोच्या बीमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं वाहिनी सैल पडते. फ्लॅव्हनॉलमुळे ते जास्त सुटतं. याचे ३५ प्रयोग एकत्र तपासणारा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१७ साली आला. त्यात बीपीचे वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे सरासरी २ अंकांनीही उतरले नव्हते. ज्यांचं बीपी आधीच चढलेलं होतं, त्यांचा वरचा आकडा साधारण ४ अंकांनी उतरला. म्हणजे तुमच्या घरचे १४८ फार तर १४४ होतील, आणि तेही त्या प्रयोगांइतकं फ्लॅव्हनॉल रोज पोटात गेलं तर. तिथं ते दिवसाला सरासरी ६७० मिलिग्रॅम दिलं होतं.

खरी अडचण इथंच आहे. बाजारातल्या चॉकलेटच्या वडीवर फ्लॅव्हनॉल किती ते छापलेलं नसतं आणि ७० टक्के कोको म्हणजे फ्लॅव्हनॉल भरपूर, असंही नाही. बी काढल्यावर ती पाच-सात दिवस आंबवतात, वाळवतात, भाजतात. प्रत्येक पायरीला फ्लॅव्हनॉल कमी होतं. त्यातून कडूपणा मारायला आणि रंग गडद करायला कोकोवर अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची, प्रक्रिया केली, तर उरलंसुरलंही बहुतेक जातं. मोजणीत साध्या कोको पावडरीत ग्रॅमला सुमारे ३४ मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल सापडलं, तर जास्त अल्कली दिलेल्या पावडरीत जेमतेम ४. त्यामुळे काळीभोर दिसते ती पावडर जास्त गुणाची, हा समज उलटा आहे. साधी पावडर फिकट, लालसर तपकिरी असते आणि जिभेला आंबूस-तुरट लागते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१२ साली रक्तवाहिन्यांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलचा दावा मान्य केला. फ्लॅव्हनॉल मुद्दाम राखलेली पावडर असेल तर त्याला अडीच ग्रॅम पुरते. साधी, अल्कली न दिलेली पावडर असेल तर सहा ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच चमचे लागतात. म्हणून मिस्टरांना काही द्यायचंच असेल तर वडीपेक्षा पावडर बरी. ती स्वस्त पडते आणि तिच्यात साखर नसते. पावडरीत आधी दोन चमचे कोमट पाणी घालून ती चमच्यानं चोळून लापशीसारखी करा, मग १५० मिली गरम दूध किंवा पाणी घाला. कोरडी पावडर एकदम गरम दुधात टाकली की बाहेरून ओली आणि आतून कोरडी अशा गाठी होतात, त्या मग फुटत नाहीत. गोडीला साखर एक चमचा, त्याहून जास्त नको.

वडीच आवडत असेल तर ७० टक्क्यांच्या वर कोको असलेली २० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चौकोन, आठवड्यातून तीन-चार दिवस जेवणानंतर द्या. पण बीपी खरोखर उतरवायचं असेल तर आधी मिठाकडे बघा. दिवसभराचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. ताटातलं लोणचं, पापड, ठेचा आणि खारवलेली मिरची यांतच ते संपून जातं. या गोष्टी रोजच्या ताटातून आठवड्यातून एकदावर आणल्या तर त्याचा उपयोग चॉकलेटपेक्षा जास्त होईल.

हृदयविकाराचा झटकाही टळतो म्हणतात, ते खरं का? – निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

गुरुजी, याचा सगळ्यात मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष आले. वयस्कर २१,४४२ जणांपैकी निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल साडेतीन वर्षांहून अधिक काळ दिलं. झटका, पक्षाघात वगैरे मिळून सगळे त्रास १० टक्क्यांनी कमी दिसले, पण तो फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान होता. हृदयविकारानं होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते. ही आशेची गोष्ट आहे, मात्र तो प्रयोगाचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि मुख्य म्हणजे दिलं होतं ते कॅप्सूलमधून, चॉकलेटमधून नव्हे. तेवढं फ्लॅव्हनॉल वड्यांमधून मिळवायचं तर बरोबर तूप-साखरेइतकी चरबी आणि साखर खावी लागेल.

आमच्या किराणा दुकानात तीन कंपन्यांचं 'डार्क' येतं. भाव ४० रुपयांपासून ३०० पर्यंत. गिऱ्हाईक विचारतं, फरक काय? – दुकानदार, नांदेड

दादा, पाकीट उलटं करा आणि बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचा. कायद्यानं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर ती साखरेची वडी, कोको तिच्यात मिसळलेला. पहिलं नाव कोको मास, कोको सॉलिड्स किंवा कोको लिकर असेल तर पुढं वाचा.

मग चरबी बघा. नुसतं कोको बटर लिहिलेलं असेल तर उत्तम. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट किंवा पामतेल असेल आणि कुठंतरी 'कंपाउंड' हा शब्द असेल, तर ते चॉकलेटसारखं दिसणारं दुसरंच काही. केकवाले तेच वापरतात, कारण ते स्वस्त असतं आणि उन्हाळ्यात लवकर विरघळत नाही. ४० रुपयांच्या वडीचं कारण बहुतेक वेळा इथंच सापडतं.

तिसरी खूण म्हणजे आयएनएस ५००, ५०१ किंवा ५२५ हे आकडे. खाण्यात मिसळलेल्या पूरक द्रव्यांना दिलेले हे क्रमांक असतात. चॉकलेटवर किंवा कोको पावडरवर आम्लता नियंत्रक म्हणून ते दिसले तर अल्कलीची प्रक्रिया झालेली समजा. आयएनएस ३२२ दिसलं तर बिचकू नका, ते लेसिथिन आहे, बहुधा सोयाबीनचं.

टक्क्यांचा हिशेब गिऱ्हाइकाला असा सांगा : ७० टक्के कोको म्हणजे उरलेले ३० टक्के जवळपास सगळी साखर. ५० टक्क्यांच्या वडीत निम्मी साखर, म्हणजे २० ग्रॅम खाल्लं की १० ग्रॅम, दोन चमचे. पाकिटावर टक्का छापलेलाच नसेल तर 'डार्क' हा शब्द रंगापुरता धरावा.

शुगर आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.४. डार्क चालतं असं ऐकलं. 'शुगर फ्री' घ्यावं का? आणि शुगर एकदम उतरली तर चॉकलेट खिशात ठेवावं का? – शेतकरी, जालना

दादा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात जिवाचा संबंध आहे. शुगर उतरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर चॉकलेट खाऊ नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते आणि त्या वेळी मिनिटं मोजायची असतात. खिशात साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर काहीतरी खाऊन घ्या. शेतात एकटे असाल तर ही पुडी बंडीच्या खिशात असलीच पाहिजे.

खाण्यापुरतं म्हणाल तर ८० टक्क्यांच्या वरचं १० ते १५ ग्रॅम, जेवणानंतर, आठवड्यातून दोनदा चालेल. पण २० ग्रॅमला सुमारे १२० कॅलरी होतात, एका मध्यम पोळीएवढ्या. त्या कुठून तरी वजा करायला हव्यात. 'शुगर फ्री'मध्ये साखरेऐवजी बहुधा माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. त्यानंही शुगर वाढते, साखरेपेक्षा कमी इतकंच, आणि जास्त खाल्लं तर पोट फुगून जुलाब लागतात.

मुलगी १५ वर्षांची, हिमोग्लोबिन ९.२. डार्क चॉकलेटात लोह भरपूर असतं म्हणून रोज देते आहे. – आई, परभणी

ताई, लोह आहे हे खरं. ७० ते ८५ टक्क्यांच्या चॉकलेटात १०० ग्रॅमला सुमारे १२ मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमला अडीचच्या आत. पण ज्या तुरट द्रव्यांसाठी चॉकलेट नावाजलं जातं, तीच लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात ते फारसं शोषलं जात नाही. चहाचंही तसंच.

९.२ हा मध्यम रक्तक्षय आहे. तो खाण्यानं भरून निघत नाही, गोळ्या लागतात. आरोग्य उपकेंद्रात त्या मोफत मिळतात. मात्र डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्या. पाळीत रक्त जास्त जातं का, जंत आहेत का, बी-१२ कमी आहे का, हेही बघायला हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. आधी आणि नंतर दोन-दोन तास चहा, दूध, कॅल्शियमची गोळी आणि चॉकलेट टाळावं. रक्त भरल्यावरही गोळ्या लगेच थांबवू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

आणि घरातलं बघा : बाजरीच्या पिठात १०० ग्रॅमला ६.४ मिलिग्रॅम लोह आहे, ज्वारीत ४ च्या आसपास. बाजरीची भाकरी आणि पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं, हे रोज पोटात जातं. चॉकलेटवर घालता त्या पैशांत महिन्याची बाजरी येते.

मूतखडा होऊन गेला आहे. खावं का? – वाचक, बीड

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा होता असं तपासणीत आलं असेल तर रोज नको. कोकोत ऑक्झलेट बरंच असतं. महिन्यातून दोन-चारदा खाल्लंच तर दूध-दह्याबरोबर खा. त्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं. आपल्याकडच्या उन्हात खड्याचं मोठं कारण कमी पाणी हे आहे. लघवी पिवळीधमक होत असेल तर पाणी कमी पडतंय. डायलिसिसवर असलेल्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय चॉकलेटला हात लावू नये.

पाचवा महिना चालू आहे. चॉकलेटमध्ये शिसं असतं असं वाचलं, तेव्हापासून भीती वाटते. – उदगीर

ताई, खाल्लं त्याची धास्ती घेऊ नका, पण रोजचं थांबवा. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेनं २०२२ साली २८ डार्क वड्या तपासल्या. त्यांतल्या २३ अशा निघाल्या की रोज २८ ग्रॅम खाल्लं तर शिसं किंवा कॅडमियम चिंतेच्या पातळीवर जाईल. कॅडमियम जमिनीतून मुळांवाटे बीमध्ये येतं. शिसं बी उघड्यावर वाळत असताना धुळीतून बसतं. जितका कोको जास्त, तितकी ही शक्यता जास्त. आठवड्यातून एक-दोनदा छोटा तुकडा, तोही एकाच कंपनीचा नेहमी नको. कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं; २० ग्रॅम चॉकलेटात ते सुमारे १६ असतं, चहाचे कप त्याहून जास्त भर घालतात, तेव्हा ते आधी मोजा.

मे महिन्यात चॉकलेटवर पांढरा थर आला. बुरशी आहे का? टाकून द्यावं का? – धाराशिव

टाकू नका. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे घरातच तेवढं तापतं. लाइट गेली, फ्रिज बंद पडला, चॉकलेट सैल झालं आणि पुन्हा थंड झालं की चरबी वर येऊन गोठते. बोट घासून बघा : थर पुसला जाऊन चकाकी आली तर तो चरबीचा. खरखरीत, रवाळ लागला तर तो साखरेचा. ओल लागून साखर विरघळली आणि पाणी उडून गेल्यावर तिचे कण वर राहिले. दोन्ही खायला निर्धोक, चव तेवढी उतरते. बुरशी लवदार असते आणि तिला कुबट वास येतो. तसं असेल तरच फेका.

ठेवायचं तर चांदीच्या कागदात (फॉइलमध्ये) गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. कांदा-लसूण जवळ नको, वास लगेच लागतो. बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास तसाच बंद राहू द्या. थंड वडी लगेच उघडली की हवेतली ओल तिच्यावर बसते आणि साखरेचा थर येतो तो यामुळेच.

पांढरं पडलेलं ५० ग्रॅम चॉकलेट असं वापरता येईल. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. वर कोरडं वाडगं ठेवा, बूड पाण्याला टेकू देऊ नका. चॉकलेटचे तुकडे त्यात घालून सावकाश हलवा. पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी चॉकलेट एकदम घट्ट, दाणेदार होतं. तसं झालंच तर दोन-तीन चमचे कोमट दूध घालून त्याचा रस्सा करून टाका, वाया जाणार नाही. नीट वितळलं की ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे घाला, लाल साल न काढता, कारण कोकोतल्यासारखी तुरट द्रव्यं त्या सालीतही असतात. ताटलीला किंचित तूप लावून दहा छोटे गोळे टाका आणि फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा. मोठ्या माणसाला दिवसाला दोन, लेकराला एक, आणि तोही संध्याकाळच्या आत. रात्री दिला तर कॅफीनमुळे झोप लांबते. घरात कुत्रं असेल तर डबा वर ठेवा, कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्याला पचत नाही आणि थोड्याशा डार्क चॉकलेटनंही त्याच्या जिवावर बेतू शकतं.