शाळेच्या स्टेजवर धूर सोडणारं मशीन चालतं कसं? लहान मुलांना त्याचा त्रास होतो का?

तुमचा प्रश्न असा की, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला स्टेजभर पांढरा धूर सोडला, कुठं काही जळताना दिसलं नाही, मग तो आला कुठून? आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या लेकरांना तो बाधतो का? मी परभणीत लाइट-साउंडचं काम करतो. परभणी, हिंगोली, नांदेडकडची गॅदरिंगं, एकांकिका, लग्नं हाच आमचा सीझन, त्यामुळे ही मशीनं रोजच्या वापरातली आहेत.

त्यात खरंच काही जळत नाही. मशीनच्या टाकीत पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांचं मिश्रण असतं, त्याला आम्ही नुसतं लिक्विड म्हणतो. आत धातूचा एक ठोकळा असतो, त्यातून बारीक नळी फिरवलेली असते आणि हीटर तो ठोकळा 200 अंश सेल्सिअसच्या पुढं तापवतो. रिमोट दाबला की छोटा पंप लिक्विड त्या नळीत ढकलतो. आत शिरताच त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1600 पट जागा लागते, म्हणून ती नोझलमधून जोरात बाहेर पडते. बाहेरची हवा त्यामानानं गार, तिथं वाफेचे पुन्हा बारीक थेंब बनतात. थंडीत सकाळी तोंडातून वाफ दिसते तसंच हे. फरक एवढाच की नुसत्या पाण्याचे थेंब लगेच उडून गेले असते, ग्लायकॉलमुळे ते काही मिनिटं टिकतात. आणि थेंब असल्यामुळेच लाइटचे झोत दिसतात. स्वच्छ हवेत प्रकाशाला अडवून डोळ्यांकडे परतवणारं काही नसतं.

ऐन गाण्यात मशीन बंद पडलं म्हणून शाळावाले ऑपरेटरवर चिडतात. दरवेळी त्याची चूक नसते. सलग धूर सोडला की ठोकळा निवतो, आणि तो पुन्हा तापेपर्यंत थर्मोस्टॅट पंप चालूच देत नाही. आपल्याकडं गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तिथं हे फार जाणवतं. 230 च्या जागी 180 व्होल्ट मिळाले तर हीटरची ताकद साधारण 60 टक्क्यांवर येते. अशा ठिकाणी मी जनरेटरशिवाय मशीन लावत नाही.

खरी काळजी लिक्विडची घ्या. पैसे वाचवायला काही जण बोअरचं पाणी मिसळतात. आपलं पाणी जड, नळीत क्षार धरतो आणि मशीन तुंबतं. ते नुकसान मशीनचं. पण गाडीचं कूलंट टाकणं हा सरळ गुन्हा समजा, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल आपल्या लिक्विडमधल्या ग्लायकॉलपेक्षा वेगळं आणि विषारी असतं. बाजारातलं घट्ट ग्लिसरीन ओतलं आणि ते जास्त तापलं, तर त्यातून अ‍ॅक्रोलिन नावाचा डोळे-घसा झोंबवणारा वायू निघतो. धुराला करपट, झोंबरा वास आला तर मशीन लगेच बंद करायला सांगा. मशीन बनवणाऱ्यानं सांगितलेलंच लिक्विड वापरलं आणि हॉल मोकळा असला, तर धडधाकट लेकराला दोन-चार गाण्यांपुरता सहसा त्रास होत नाही. पण निर्धोक म्हणून सोडून देऊ नका. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांतल्या नटांचा अभ्यास 2000 साली पुढं आला. दाट धुराच्या झोतात येणाऱ्यांमध्ये घशाच्या, नाकाच्या, श्वासाच्या तक्रारी जास्त आढळल्या. म्हणून नोझलचं तोंड कधीही पोरांकडं नको, आणि दम्याचं लेकरू मागच्या दाराजवळ, उघड्या हवेत बसवा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते सांगतो. जमिनीलगत दुधासारखा पसरणारा, नवरा-नवरीच्या एंट्रीला सोडतात तो धूर बहुतेक वेळा ड्राय आइसचा असतो. दिसायला सगळ्यात सौम्य, पण जपायचं त्यालाच. ड्राय आइस म्हणजे उणे 78 अंशांचा घट्ट कार्बन डायऑक्साइड. तो गरम पाण्यात बुडवला की पातळ न होता थेट वायू होतो, आणि त्या गारठ्यानं वाफेचे थेंब बनतात. आपल्याला दिसतात ते पाण्याचे थेंब. वायू दिसत नाही, तो हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि खालीच साचतो. लहान मुलांची तोंडं त्याच उंचीवर.

एक किलोपासून सुमारे 540 लिटर वायू होतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद ग्रीनरूममध्ये दहा किलो उडून गेला, तर तिथल्या हवेचा जवळपास पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइड होईल. त्याच्या निम्म्यातही माणूस बेशुद्ध पडतो. मोठ्या हॉलमध्ये दारं-खिडक्या उघड्या असतील तर तो मिसळून जातो, पण स्टेजपुढच्या खोलगट जागेत मुलं बसवू नयेत, आणि धुरात झोपून करायचा नाच तर अजिबात ठेवू नये. गॅदरिंगला ड्राय आइस नकोच, असं मी शाळांना सांगतो. साध्या मशीनचाच धूर बर्फाच्या पेटीतून गार करून सोडला तरी तो बराच वेळ खाली राहतो.

तरी कुणी आणलाच, तर तो लांबून गाडीत येतो, तेव्हा काचा बंद करून एसी लावून आणू नये. थर्माकोलच्या पेटीचं झाकण टेपनं गच्च बंद करू नये, बाटलीत तर कधीच भरू नये, दाबानं फुटते. उघड्या हातानं धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. कार्यक्रम संपल्यावर उरलेले तुकडे पोरं खेळायला उचलतात, म्हणून ते आधी गोळा करून मोकळ्या गच्चीवर ठेवा, जिन्याला कुलूप लावा; सकाळपर्यंत उडून जातात.