ओपीडीतली गर्दी कुठून येते?

नाशिक

प्रिय डॉक्टर,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यात रुजू झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात तू आणखी एक डॉक्टर आणि केसपेपरची दुसरी खिडकी मागणारा प्रस्ताव तयार केला आहेस आणि तो पाठवावा का, असे विचारले आहेस. जरूर पाठव; पण त्याआधी पंधरा दिवस, ओपीडीत बसलेली माणसे तिथे कशासाठी आली आहेत, एवढेच मोजून बघ.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा एक साधा नियम आहे: दर तासाला किती माणसे येतात आणि प्रत्येकाला सरासरी किती तास थांबावे लागते, यांचा गुणाकार केला की आवारात एका वेळी सरासरी किती माणसे असतील ते कळते. तासाला ४० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाचे अडीच तास जात असतील, तर १०० माणसे आवारात दिसणारच. तुझा प्रस्ताव या गुणाकारातल्या थांबण्याच्या वेळेवर इलाज करतो. येणाऱ्यांच्या संख्येकडे मात्र त्यात कोणी पाहिलेले नाही आणि माझ्या अनुभवात खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते.

एका ग्रामीण रुग्णालयात काम करताना मी औषध निर्माण अधिकाऱ्यांवर सर्वांसमोर रागावलो होतो, कारण रक्तदाबाच्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या तरी ते पाचच दिवसांच्या देत. त्यांनी काही न बोलता साठ्याची नोंदवही माझ्यापुढे ठेवली. साठा कमी होता, म्हणून ते सर्वांना थोडे थोडे पुरवीत होते. साठा कमी होता, कारण मागणीपत्रकातला आकडा मागच्या वर्षी वाटलेल्या गोळ्यांवरून काढलेला होता. आणि मागच्या वर्षी गोळ्या कमी वाटल्या गेल्या, कारण तेव्हाही साठा कमीच होता. म्हणजे रुग्णांची खरी गरज कोणत्याच कागदावर उतरत नव्हती, आणि दर वर्षीची टंचाई पुढच्या वर्षीच्या टंचाईची तरतूद करून ठेवत होती. त्या माणसाची मी नंतर क्षमा मागितली, पण त्या दिवशीचा माझा अन्याय आजही मला बोचतो.

आता याचा ओपीडीवरचा परिणाम बघ. समज, तुझ्याकडे रक्तदाबाचे २०० रुग्ण आहेत. महिन्याच्या गोळ्या मिळाल्या तर त्यांच्या महिन्याला २०० फेऱ्या होतील. पाच दिवसांच्या मिळाल्या तर १,२००. महिन्यात ओपीडीचे २५ दिवस धरले, तर रोजच्या ८ रुग्णांच्या जागी ४८ येणार, आणि त्यातल्या ४० जणांना डॉक्टरांकडे काहीच काम नसणार. ज्यांना दर पाच दिवसांनी एका दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही ते गोळ्याच सोडतात, आणि त्यांच्यापैकी काही जण पुढे अर्धांगवायू होऊन नाशिकला जिल्हा रुग्णालयात पोहोचतात. तिथले डॉक्टर म्हणतात, खालून उगाच रेफर करतात. या साखळीतला प्रत्येक जण आपल्या जागी वाजवी वागलेला असतो, म्हणूनच दोषी माणूस शोधून हा प्रश्न सुटत नाही. मागणीचा आकडा नोंदणी झालेल्या रुग्णांवरून काढला, तर तो सुटू शकतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि पहिल्या टप्प्यातच महाराष्ट्राचा समावेश असलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरलेली औषधयोजना, त्यानुसार औषधांचा पुरवठा आणि एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या यांवर भर दिला गेला, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी एक गोष्ट तुझ्या भागात अधिक महत्त्वाची वाटते. सुरगाणा आणि पेठकडची कुटुंबे ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. तुझ्या नोंदवहीत ती माणसे ‘उपचार सोडलेली’ दिसतात. प्रत्यक्षात ती याच जिल्ह्यात एखाद्या बागेच्या बांधावर राहत असतात, आणि तिथल्या आशाताईंच्या यादीत त्यांचे नाव नसते. तुझ्या यंत्रणेची हद्द आरोग्य केंद्राच्या कुंपणाशी संपते असे मानलेस, तर हे रुग्ण दर वर्षी हरवत राहतील. कोण कधी, कोणत्या गावाला जातो हे तुझ्या आशाताईंना तोंडपाठ असते. केसपेपर लिहिणाऱ्यालाही बरेच ठाऊक असते. त्यांना बैठकीत बोलाव आणि आधी त्यांना बोलू दे. आपण डॉक्टर मंडळी अशा बैठकीत फार लवकर उत्तरे देऊ लागतो.

तेव्हा पंधरा दिवस प्रत्येक केसपेपरवर एक छोटी खूण कर: रुग्ण नव्या तक्रारीसाठी आला, फक्त गोळ्यांसाठी आला, की काल अहवाल मिळाला नाही म्हणून पुन्हा आला. खुणांची बेरीज झाली की ती घेऊन औषध निर्माण अधिकाऱ्यांकडे जा, चहा घे, आणि मागणीपत्रकातला आकडा ते कुठून काढतात हे त्यांना शांतपणे विचार. छाटणी सुरू होण्याआधी हे उरकता आले तर फार बरे होईल, म्हणजे बागांकडे निघणाऱ्यांच्या हाती निदान महिन्याच्या गोळ्या आणि उपचारांचे कार्ड देता येईल. बेरीज मला कळव. मग प्रस्तावाचा मसुदा आपण दोघे मिळून पुन्हा लिहू.

तुझा,
एक जुना शिक्षक