काढलंच आहे तर...

"घराचं काम काढलं आणि घरातलं बोलणंच बंद झालं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की दरवर्षी थंडीच्या दिवसांत ते कानावर पडणार, असे आता मी गृहीतच धरते. पाऊस ओसरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत घरांची कामे निघतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्या घरांतील काही जोडपी नौपाड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येऊन बसतात. खर्च हाताबाहेर चालला आहे, तो आवरायचा कसा आणि त्यावरून रोज होणारी भांडणे थांबवायची कशी, असा त्यांचा प्रश्न असतो. सुरुवातीच्या काळात मला वाटे की हा प्रश्न आर्किटेक्टला विचारायचा आहे, ही मंडळी चुकून माझ्याकडे आली आहेत. आता तसे वाटत नाही. का, ते एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. नावे आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

समीर आणि प्रज्ञा ऐरोलीला सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतात. समीरच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हे घर १९८९ मध्ये हप्त्यांवर घेतले. मुलगी दहावीकडे निघाली होती, म्हणून वर साडेतीनशे चौरस फुटांचा मजला चढवायचा आणि खालच्या घराची डागडुजी करायची, असे ठरले. हाताशी ११ लाख रुपये होते आणि कंत्राटदाराचा पहिला अंदाज १४ लाखांचा होता. दोघे माझ्याकडे आले तेव्हा हा आकडा २३ लाखांवर गेला होता आणि अजून एक वीटही रचली गेली नव्हती.

प्रज्ञाने मोबाइलमधील यादी माझ्यापुढे धरली. "मॅडम, यातलं एकही कलम मला चुकीचं म्हणता येत नाही, हाच तर त्रास आहे," ती म्हणाली.

समीर समजावून सांगू लागला. वायरिंग नवी करायचीच, मग काढलंच आहे तर फॉल्स सीलिंग करून घेऊ. धूळ होणारच, तर काढलंच आहे तर खालची लादीही बदलू. लादी उखडली की ओट्याला धक्का बसणार, म्हणून ओटाही. मी समोरच्या कागदावर 'काढलंच आहे तर' या तीन शब्दांसाठी दर वेळी एक रेघ ओढत होते. चाळीस मिनिटांत अकरा रेघा झाल्या. कागद फिरवून त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तो हसला. प्रज्ञा हसली नाही.

इथे थोडे थांबून व्यवहाराचे बोलते, कारण अनेकांची गाडी इथेच घसरते. कंत्राटदाराचा अंदाज म्हणजे घराचा खर्च नव्हे. त्यात बहुधा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, डेब्रिज, म्हणजे फोडकामाचा राडारोडा, उचलण्याचे पैसे नसतात, काम चालू असताना भाड्याने राहावे लागले तर तेही नसते. घर ३० वर्षांपेक्षा जुने असेल तर खालचे कॉलम आणि पाया वरचा भार घेतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी तपासून घ्यावे आणि त्याची फी पहिल्याच ओळीत लिहावी. समीरच्या रो-हाउसची जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. अशा घरावर महापालिकेच्या परवानगीशिवाय मजला चढवणे म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नोटीस ओढवून घेणे होय. "सगळेच चढवतात हो," हे वाक्य कंत्राटदार म्हणतो. नोटीस मात्र मालकाच्या नावाने येते. शिवाय मंजूर नकाशा नसेल तर बँकही सहसा अशा कामाला कर्ज देत नाही. कर्जाचेही तसेच. १० लाख रुपये ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १२,६७० रुपये बसतो, २० वर्षांसाठी घेतले तर सुमारे ९,००० रुपये. दुसरा आकडा सोसवणारा वाटतो, पण एकूण परतफेड १५ लाख २० हजारांच्या आसपास होते की २१ लाख ६० हजारांच्या, हे त्याच कागदावर शेजारी लिहिल्याशिवाय सही करू नये.

हे सारे समीरला ठाऊक होते. तो एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागातच काम करतो. माहिती असूनही माणूस तसे वागत नाही, तेव्हा अधिक माहिती देऊन उपयोग नसतो, हे मी मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्या लेखनातून आणि त्यामागच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारातून शिकले. पसंती आणि हट्ट यांत फरक असतो. "झालं तर बरं" हे वाक्य खिशाकडे पाहून थांबते, "झालंच पाहिजे" हे थांबत नाही. म्हणून दुसऱ्या भेटीत मी विचारले, "कितीच्या पुढे एक रुपयाही नाही, तो आकडा सांगा."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आकडा सांगितला की घर तेवढंच होणार ना."

"आणि तेवढंच झालं तर?"

"तर ते अर्धवट राहील. अर्धवट घरात मी पुन्हा राहणार नाही."

त्यातला 'पुन्हा' मी उचलला. समुपदेशकाच्या कामात असे शब्द हातातून निसटणे फार सोपे असते. तो निसटला नाही, याचे समाधान मला आजही वाटते. पुन्हा म्हणजे? तेव्हा ते बाहेर आले. हे घर ताब्यात मिळाले त्यानंतर सहा वर्षे जमिनीला नुसता सिमेंटचा कोबा होता. पाचवीत असताना वाढदिवसाला आलेल्या एका मित्राने विचारले होते, "तुमचं घर अजून पूर्ण झालं नाही का?" त्यानंतर कोणी येणार असले की समीर कोब्यावरच्या भेगेवर सतरंजी ओढून बसत असे. हे त्याने प्रज्ञालाही कधी सांगितले नव्हते. तेवीस लाखांतील कितीतरी लाख त्या सतरंजीचे होते.

पुढच्या भेटीला अण्णांना बोलावले. समीरने ती गोष्ट त्यांच्यासमोर सांगितली, जरा तक्रारीच्याच सुरात. ऐंशीच्या घरातील अण्णा ऐकत राहिले आणि म्हणाले, "लाज कसली त्यात? पतपेढीचं देणं फिटेपर्यंत लादी बसवायची नाही, असं मी आणि तुझ्या आईनं ठरवलं होतं. शेवटचा हप्ता भरला आणि त्याच महिन्यात लादी आणली. आणि कोब्यावर रांगोळी काय सुरेख बसायची! लादीवर सरकते, म्हणून नंतर ती सारखी कुरकुरायची."

समीरने मान खाली घातली होती. ज्या कोब्याला तो तीस वर्षे दारिद्र्य समजत होता, तो त्याच्या आईवडिलांचा ठरवून घेतलेला निर्णय होता. लहान मुलाला निर्णय दिसत नाही, भेग दिसते. थोड्या वेळाने त्याने कागद ओढून त्यावर स्वतःच लिहिले: १५ लाख. अकरा हातातले, चार कर्जाचे. प्रज्ञा त्या आकड्याकडे पाहतच राहिली. तिला आकडा मोठा की लहान यापेक्षा तो एकदाचा लिहिला गेला याचेच अप्रूप होते.

पुढचे काम तुलनेने सोपे होते. पंधरातील दीड लाख अडीअडचणीसाठी आधीच बाजूला काढून यादी साडेतेरा लाखांत बसवली. परवानगी, पाया, स्लॅब, वॉटरप्रूफिंग, वायरिंग आणि नळाचे काम, म्हणजे जे नंतर करायचे तर फोडाफोड करावी लागते, ते आधी. लादी, सीलिंग, ओटा नंतर. कंत्राटदाराला पैसे तारखेप्रमाणे न देता कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यायचे आणि थोडी रक्कम पहिला पाऊस अंगावर घेईपर्यंत हातात ठेवायची, हे करारात लिहून घेतले. घरातल्यांपुरता नियम एकच ठेवला: यादीत नवे कलम घालायचे तर तितक्याच किमतीचे जुने कलम त्याच बैठकीत खोडायचे. अशा नियमांची मी कट्टर पुरस्कर्ती आहे, हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. तो सर्वांत आधी मोडला तो प्रज्ञाने, खिडकीच्या ग्रॅनाइटसाठी, आणि त्यावर पुन्हा दोन दिवस अबोला झाला, हेही नोंदवले पाहिजे.

एप्रिलमध्ये तिचा फोन आला. वरच्या खोलीला सध्या कोबाच ठेवला होता. त्या सकाळी गवंडी समीरला म्हणाला होता, "साहेब, काढलंच आहे तर खालचं बाथरूमही फोडून घेऊ का?" समीरने खिशातली यादी काढून त्याच्या हातात दिली आणि विचारले, "यातलं काय खोडू, ते तुम्हीच सांगा."