'रेडी प्लेअर वन'बद्दल वाचकांची मतं इतकी टोकाची का? ऐंशीच्या दशकातले गेम माहीत नसतील तर वाचावी का?

वाचा, पण जुन्या गेम-सिनेमांच्या नावांची सरबत्ती सोसणार असेल तरच. मतं फाटतात ती बहुतेक त्यावरूनच. अर्नेस्ट क्लाइन यांच्या या २०११ च्या कादंबरीत २०४५ सालचे लोक 'ओअॅसिस' या आभासी जगात रमलेले असतात. त्याच्या दिवंगत निर्मात्याने लपवलेलं 'ईस्टर एग' (गेममध्ये दडवलेली गुप्त गोष्ट) ज्याला सापडेल, त्याला सगळी इस्टेट मिळणार असते. कोडी सुटतात ती मुख्यतः त्या निर्मात्याच्या आवडीनिवडी तोंडपाठ असल्यामुळे: नायक वेड एका थडग्यात 'जाउस्ट' हा आर्केड गेम खेळतो, पुढे 'वॉरगेम्स' सिनेमातले संवाद त्या सिनेमाच्या नायकाच्या जागी उभा राहून जसेच्या तसे म्हणतो. ज्यांनी ते दशक जगलंय त्यांना ही पर्वणी, इतरांना निव्वळ घोकंपट्टी. संदर्भ लेखक तिथल्या तिथे समजावतो, त्यामुळे अडत काही नाही. उलट कधी कधी तेच समजावणं लांबतं. मला स्वतःला दुसरा आक्षेप जास्त पटतो. वेडचं जिच्यावर प्रेम असतं त्या आर्टेमिसने संबंध तोडल्यावरही तो तिच्या आभासी वाड्याबाहेर टेपरेकॉर्डर उंचावून उभा राहतो, आणि हे रोमँटिक मानायचं म्हणे! तरी वेग जबरदस्त आहे, शेवटचा तिसरा भाग तर हातातून सुटत नाही. फक्त स्पीलबर्गच्या २०१८ च्या सिनेमावरून पुस्तक जोखू नका. तिथली कोडी बरीच बदललेली आहेत, पहिलं आव्हान तर चक्क गाड्यांची शर्यत आहे.